पाच कप जिंकलेला क्लब का उरला नाही?

५ मार्च १८७२ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर एफए कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्याच वर्षाचा एक उपांत्य सामना झाला. एका बाजूला लंडनचा वाँडरर्स, दुसऱ्या बाजूला ग्लासगोचा क्वीन्स पार्क. प्रवास लांबचा म्हणून क्वीन्स पार्कला आधीच्या फेऱ्यांतून सूट मिळाली होती, आणि तरीही लंडनपर्यंत यायला वर्गणी काढावी लागली होती. सामन्यात गोल कुणालाच करता आला नाही. तो पुन्हा खेळवायचा, तर ग्लासगोच्या मंडळींकडे मुक्कामालाही पैसे नव्हते आणि परत येण्यालाही. त्यांनी माघार घेतली आणि गाडी पकडली. वाँडरर्स अंतिम फेरीत गेला, ११ दिवसांनी त्याच मैदानावर रॉयल इंजिनियर्स या लष्करी संघाला १-० हरवून कप घेऊन गेला आणि १८७८ पर्यंत त्याने तो आणखी चार वेळा जिंकला.

क्वीन्स पार्क आजही खेळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने स्कॉटिश कपात बलाढ्य रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्सवर १-० असं हरवलं. पाच कपवाला वाँडरर्स मात्र १८८० च्या दशकातच विरून गेला. २००९ मध्ये काही मंडळींनी धर्मादाय कामासाठी त्या नावाचा संघ पुन्हा उभा केला, २०१२ मध्ये ओव्हलवर इंजिनियर्सशी जुन्या आठवणीखातर सामनाही झाला. पण मूळ क्लब तो नव्हे.

ज्याच्याकडे गाडीभाडं नव्हतं तो टिकला आणि ज्याच्याकडे लॉर्ड, बँकर, वकील होते तो संपला, हे कसं? हा प्रश्न मला केवळ इतिहासाचा वाटत नाही. गेल्या दीड दशकात आपल्या पुण्या-मुंबईत फुटबॉलचे एकामागून एक क्लब बंद पडले. प्रत्येक वेळी आपण पैशाची चर्चा केली: पुरस्कर्ता गेला, तोटा झाला, प्रक्षेपणाचे हक्क विकले गेले नाहीत. पैशाची चर्चा खोटी नाही, पण ती अपुरी आहे. क्लब उभा राहतो तो एखाद्या वस्तीच्या, सभासदांच्या आणि हक्काच्या मैदानाच्या जोरावर. ते नसेल तर श्रीमंत क्लबही एका मोसमात नाहीसा होऊ शकतो. वाँडरर्सची गोष्ट हे फार लख्खपणे दाखवते, म्हणून ती नीट सांगायला हवी.

क्लबची सुरुवात १८५९ सालची. हॅरो या बड्या घरच्या मुलांच्या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी लंडनच्या ईशान्येला, एपिंगच्या जंगलाच्या कडेला स्नेअर्सब्रूक भागात खेळायला सुरुवात केली. क्लबचं नाव फॉरेस्ट. जॉन अल्कॉक आणि त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स हे त्यातले पुढाकार घेणारे. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये ज्या बैठकीत फुटबॉल असोसिएशन जन्माला आली, तिथे फॉरेस्टच्या वतीने जॉन हजर होता. म्हणजे आज जगभर जो खेळ चालतो त्याच्या नियमांच्या जन्मवेळी हा क्लब तिथेच होता. पण दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, त्याने एपिंगकडचं मैदान सोडलं आणि वाँडरर्स असं नाव घेतलं. त्यानंतर कधी बॅटरसी पार्कात, कधी ओव्हलवर, कधी ज्या संघाशी सामना त्याच्याच मैदानावर, असा त्यांचा संसार चालला. स्वतःच्या हक्काची जागा त्यांना पुन्हा कधीच मिळाली नाही, आणि त्यांनी ती मिळवायचा फारसा प्रयत्न केल्याचंही दिसत नाही.

क्लब चालत होता तो चार्ल्स अल्कॉकच्या एकट्याच्या दमावर. या माणसाविषयी मला खरोखर आदर आहे. १८७० मध्ये तो फुटबॉल असोसिएशनचा सेक्रेटरी झाला आणि १८९५ पर्यंत राहिला. २० जुलै १८७१ रोजी ‘द स्पोर्ट्समन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत झालेल्या बैठकीत त्याने असोसिएशनच्या क्लबांसाठी कपाची कल्पना मांडली. हॅरोत वसतिगृहांमध्ये जी स्पर्धा चाले, हरला तो बाहेर, तोच नमुना त्याने घेतला. आज गल्लीतल्या स्पर्धेपासून वर्ल्ड कपापर्यंत बाद फेरी म्हणून आपण जे ओळखतो, त्याचं फुटबॉलमधलं मूळ त्या कचेरीत आहे. १८७२ मध्ये तो सरे काउंटी क्रिकेट क्लबचाही सेक्रेटरी झाला आणि ओव्हल त्याच क्लबचं मैदान असल्याने त्याची दारं फुटबॉलला उघडी राहिली. इंग्लंडमधला पहिला कसोटी सामना १८८० मध्ये त्याच ओव्हलवर भरवण्यातही तोच पुढे होता. एका माणसाने दोन खेळांवर एवढा ठसा उमटवल्याची उदाहरणं थोडी.

पहिल्या वर्षी कपासाठी १५ क्लबांनी नावं दिली. वाँडरर्स अंतिम फेरीत पोचला तो प्रत्यक्षात एकच सामना जिंकून! पहिल्या फेरीत समोरचा संघ आलाच नाही, मग क्लॅपहॅम रोव्हर्सला हरवलं, पुढे क्रिस्टल पॅलेसशी बरोबरी आणि दोघांनाही पुढे चाल, मग क्वीन्स पार्कची ती बरोबरी. १६ मार्चच्या अंतिम सामन्याला साधारण दोन हजार प्रेक्षक होते. इंजिनियर्सच्या लेफ्टनंट क्रेसवेलचं गळ्याजवळचं हाड सुरुवातीलाच मोडलं, तरी तो मैदानात राहिला, कारण बदली खेळाडू ही कल्पनाच नव्हती. एकमेव गोल मॉर्टन बेट्सने केला. तो खेळला मात्र ए. एच. चेकर अशा टोपणनावाने. हॅरो चेकर्स हा त्याचा आधीचा क्लब, आणि हाच तो पहिल्या फेरीत न आलेला संघ. मला हा तपशील फार बोलका वाटतो. ज्या माणसाच्या गोलाने वाँडरर्सने पहिला कप जिंकला, त्याचं नाव कागदावर दुसऱ्याच क्लबाची ओळख सांगत होतं. माणसं एकाच वेळी दोन-तीन क्लबांची असायची, आणि वाँडरर्स हा त्यातला एक असे.

पुढच्या वर्षी गतविजेता म्हणून त्यांना थेट अंतिम सामना मिळाला, मैदान निवडायचा अधिकारही मिळाला. लंडनच्या लिली ब्रिज मैदानावरचा तो सामना सकाळी ठेवला होता, कारण त्याच दिवशी टेम्सवर ऑक्सफर्ड-केंब्रिजची नौकाशर्यत होती आणि प्रेक्षकांना ती चुकवायची नव्हती. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाला २-० हरवून कप राखला. त्यानंतर १८७६, १८७७, १८७८ असे सलग तीन कप. चार्ल्स वोलस्टन या खेळाडूने पाचही विजयांत भाग घेतला. आर्थर किनेर्ड हा पुढे लॉर्ड झालेला बँकर, लांब पांढरी पँट घालून खेळणारा धडाकेबाज गडी, तीन विजयांत होता. भारतात जन्मलेला आणि लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी करणारा विल्यम लिंडसे शेवटच्या तीन विजयांत होता. म्हणजे हिंदुस्थानचा कारभार जिथून चाले त्या कचेरीचा एक कारकून शनिवारी दुपारी मोकळा होऊन फुटबॉल खेळू शकत होता. तेव्हाच्या मुंबईच्या गिरणीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या माणसाला हा शनिवार ठाऊक नव्हता.

सलग तीनदा जिंकणाऱ्याला कप कायमचा मिळेल असा नियम होता. वाँडरर्सने तो असोसिएशनला परत दिला. अट एवढीच की यापुढे कुणालाच तो कायमचा मिळू नये. थोर कृत्य खरं. स्पर्धा आजही जिवंत आहे त्यात या दानतीचा वाटा आहे.

आणि इथून क्लब वेगाने ढासळला. पुढच्याच मोसमात पहिल्या फेरीत ओल्ड इटोनियन्सने, म्हणजे इटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाने, त्यांना ७-२ असं धुतलं. १८७९ चा कप ओल्ड इटोनियन्सने जिंकला, आणि त्यांच्याकडून खेळणाऱ्यांत किनेर्ड होता, आदल्याच वर्षी वाँडरर्ससाठी कप जिंकलेला किनेर्ड! १८८० मध्ये पुन्हा त्याच ओल्ड इटोनियन्सकडून हार. १८८०-८१ च्या मोसमात तर पहिल्या फेरीला संघच जमवता आला नाही आणि समोरच्याला पुढे चाल द्यावी लागली. त्यानंतर काही वर्षं हॅरो शाळेशी नाताळाच्या सुमाराचा एक वार्षिक सामना तेवढा होत राहिला. पुढे तोही थांबला.

काय झालं होतं? इटन, हॅरो, चार्टरहाउस या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापले संघ बांधले, आणि ज्याचा त्याचा जीव आपल्या शाळेत गुंतलेला होता. वाँडरर्स हा या सगळ्या शाळांतल्या उत्तम खेळाडूंचा निवडक संघ. निवड करणारा अल्कॉक खेळातून बाजूला झाला, शाळांनी आपली माणसं परत बोलावली, आणि मागे काही उरलं नाही. गाव नव्हतं, गल्ली नव्हती, पुढच्या पिढीची पोरं नव्हती. ‘आमचा वाँडरर्स’ म्हणून रडणारं कुणी नव्हतं. कर्ज झालं म्हणून, बंदी आली म्हणून किंवा मालक पळाला म्हणून क्लब संपला असता तर निदान बातमी तरी झाली असती.

जुन्या काळाविषयी हळवं होऊन बोलणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येतं की खेळ पूर्वी निर्मळ होता, हौसेखातर खेळला जायचा, पैसा आला आणि सगळं नासलं. मला हे पटत नाही, आणि वाँडरर्सच्या गोष्टीतच त्याचं उत्तर आहे. १८७२ च्या त्या बरोबरीचा निकाल कशाने लागला? पैशाने. मैदानावर न जिंकता क्वीन्स पार्क बाहेर गेला तो गाडीभाड्यामुळे. पुढच्या वर्षीही क्वीन्स पार्कने प्रवासखर्चापायी माघारच घेतली. निव्वळ हौसेच्या त्या सुवर्णकाळात कोण खेळू शकत होतं, हे तिजोरीच ठरवत होती. फक्त ती तिजोरी खेळाडूच्या घरची होती, म्हणून मैदानावर दिसत नव्हती.

हे उघड्यावर आलं ३१ मार्च १८८३ रोजी. त्या दिवशी ओव्हलवर ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने ओल्ड इटोनियन्सला जादा वेळेत २-१ हरवलं. लँकशायरच्या गिरणगावातला हा संघ. कप्तान वॉर्बर्टन प्लंबर, गिब्सन लोखंडाच्या ओतकामात, काहीजण विणकर, आणि विजयी गोल करणारा जिमी कॉस्टली सूतगिरणीतला कामगार. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने शनिवारी दुपारी दोननंतर बायका-मुलांना कामाला लावायला मनाई झाली. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषांनाही तो अर्धा दिवस मिळाला, आणि त्या अर्ध्या दिवसातून उत्तर इंग्लंडचं फुटबॉल उभं राहिलं. ऑलिम्पिकच्या पोरांना महत्त्वाच्या सामन्यांआधी सरावासाठी ब्लॅकपूलला समुद्रकाठी नेलं होतं. त्याचा खर्च सिडनी येट्स नावाच्या स्थानिक लोखंड-कारखानदाराने केला. लंडनच्या वर्तमानपत्रांना हे खटकलं. कामावर खाडा करून सराव करणारा माणूस हौशी कसा, असा त्यांचा सवाल.

पण विणकराने खाडा केला की त्याची मजुरी बुडते; बँकरने केला तर बुडत नाही. बुडालेली मजुरी भरून देण्याला भ्रष्टाचार म्हणायचं आणि वडिलोपार्जित मिळकतीवर खेळण्याला निर्मळपणा म्हणायचं, यात मला न्याय दिसत नाही. १८८४ मध्ये लंडनच्या अप्टन पार्क क्लबने उत्तरेतल्या प्रेस्टन क्लबविरुद्ध तक्रार केली, प्रेस्टनच्या विल्यम सडेलने खेळाडूंना पैसे देतो हे उघड कबूल केलं, आणि प्रेस्टनला कपातून काढलं. उत्तरेतले क्लब वेगळी संघटना काढायला निघाले तेव्हा कुठे जुलै १८८५ मध्ये असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूला मान्यता दिली. त्या मान्यतेच्या बाजूने उभा राहिलेल्यांत चार्ल्स अल्कॉक होता. वाँडरर्स घडवणाऱ्याला, हौशी खेळाचं जग आतून पाहिलेल्या माणसाला, हे कळलं होतं की कामकऱ्याला मोबदला दिल्याशिवाय खेळ सगळ्यांचा होणार नाही.

ऑलिम्पिकची गोष्ट माझ्या म्हणण्याला अडचणीची आहे, हेही सांगायला हवं. त्या क्लबाला गाव होतं, होल-इ’थ-वॉल नावाच्या पबमागचं मैदान होतं, माणसं होती. तरी तो कप जिंकल्यानंतर सहा वर्षांत, १८८९ मध्ये बंद पडला. कारण त्याच गावात ब्लॅकबर्न रोव्हर्स हा अधिक सधन क्लब होता, त्याने १८८४ ते १८८६ असे सलग तीन कप जिंकले, आणि १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा ब्लॅकबर्नमधून जागा मिळाली ती रोव्हर्सला. पगार परवडेना, शेवटी ऑलिम्पिक पुन्हा हौशी झाला, पण उशीर झाला होता. तेव्हा वस्ती आणि मैदान असलं की क्लब अमर होतो, असा दावा मी करत नाही. एका गिरणगावाला दोन मोठे क्लब झेपले नाहीत. पण त्या गावातून फुटबॉल गेलं नाही; रोव्हर्स आजही आहे. लंडनच्या कुठल्याच पेठेला वाँडरर्सची उणीव जाणवली नाही, हा फरक मोठा आहे.

आता क्वीन्स पार्ककडे पाहा. १८६७ साली ग्लासगोत स्थापन झालेला हा सभासदांचा क्लब. वीस पौंडांच्या पहिल्या एफए कपासाठी त्याने आपल्या तुटपुंज्या शिलकीतून एक गिनी, म्हणजे पौंडाहून थोडी जास्त रक्कम, दिली होती. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिकला इंग्लंड-स्कॉटलंड असा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्यात स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्कचे होते. इंग्रज एकट्याने चेंडू पळवत नेत, हे लोक एकमेकांना पास देत. सामना ०-० सुटला, पण खेळ कुठल्या दिशेने जाणार हे तिथे दिसलं. आणि मग या क्लबाने वाँडरर्सने कधीच केलं नाही ते केलं: स्वतःचं मैदान बांधलं. एकदा नव्हे, तीनदा. १८७३, १८८४ आणि १९०३ अशी हॅम्पडन पार्कची तीन रूपं. त्या शेवटच्या हॅम्पडनवर १९३७ मध्ये स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला १,४९,४१५ प्रेक्षक होते. देशाचं राष्ट्रीय मैदान, आणि मालक कोण, तर पगार न घेता खेळणाऱ्यांचा एक क्लब.

क्वीन्स पार्क १५२ वर्षं हौशी राहिला. २०१९ च्या नोव्हेंबरात सभासदांनी मतदान करून ते तत्त्व सोडलं, कारण चांगली पोरं तयार करायची आणि मोठ्या क्लबांनी ती फुकट उचलायची हे थांबत नव्हतं. २०२० मध्ये हॅम्पडन पन्नास लाख पौंडांना स्कॉटिश असोसिएशनला विकलं, शेजारचं लहान मैदान स्वतःकडे ठेवलं. हौशी राहायचं की नाही हे सभासदांनीच ठरवलं, मोठं मैदान विकायचं की नाही हेही त्यांनीच. उद्या एखादा निर्णय चुकीचा ठरला, तरी तो निस्तरायला तेच असतील. माझ्या लेखी टिकून राहण्याचं मर्म इथे आहे.

आपल्याकडे ब्रिटिश पलटणींनी हा खेळ आणला. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स कप ही स्पर्धा सुरू झाली आणि पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. पुढे १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला तेव्हा पलटणींबाहेरच्या भारतीय संघाच्या हाती तो प्रथमच आला. स्वातंत्र्यानंतर टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र अशा कंपन्यांच्या आणि गिरण्यांच्या संघांनी मुंबईचं कूपरेज मैदान गाजवलं. खेळाडू नावाला कामगार किंवा कारकून असत, हजेरीपटावर नाव असे, दुपारी सराव असे. या व्यवस्थेला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. तिने शेकडो गरीब घरांतल्या मुलांना खेळ आणि पोट एकत्र सांभाळायची सोय दिली. तिच्यात एकच मोठा दोष होता. गिरणी बंद झाली, कंपनीचं धोरण बदललं, की संघ एका ठरावाने संपत असे. १९६२ पासूनचा महिंद्रचा संघ, २००५-०६ चा राष्ट्रीय लीगविजेता, २०११ मध्ये असाच बंद झाला. त्याला चाहते होते. पण ठरावाच्या वेळी त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण विचारावं अशी व्यवस्थाच नव्हती. रोव्हर्स कपही २००१ च्या सुमारास थांबला.

पुण्याचं तर काय सांगावं! पुणे एफसी, एकच मोसम खेळलेला भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, आणि २०१४ ते २०१९ इंडियन सुपर लीगमध्ये खेळलेला एफसी पुणे सिटी. काही वर्षांच्या अंतरात चार क्लब आले आणि गेले. पुणे सिटीची लीगमधली जागा हैदराबादला गेली, आणि शहराने फारशी हूं की चूं केली नाही. पुण्याच्या लोकांना फुटबॉल आवडत नाही म्हणून असं झालं, असं म्हणणं अन्यायाचं आहे. बालेवाडीच्या मैदानावर लोक यायचे, घोषणा द्यायचे, क्लबच्या जर्सी घालायचे. पण त्यांचा क्लबशी संबंध तिकिटापुरता होता. मुंबईत महिंद्रचं झालं तेच इथे शहराबाहेरच्या हिशोबाने झालं.

याउलट कोलकात्यात २०२० मध्ये मोहन बागानच्या फुटबॉल संघाचं एटीके या कंपनीसंघाशी विलीनीकरण झालं आणि नावापुढे ‘एटीके’ लागलं. १८८९ पासूनच्या क्लबाच्या समर्थकांनी तीन वर्षं निदर्शनं केली, बहिष्कार टाकला, आणि २०२३ मध्ये ती तीन अक्षरं हटली. पैसा कंपनीचाच राहिला. पण पैशाला गावाचं ऐकावं लागलं, कारण गाव संघटित होतं आणि क्लब आपला आहे असं त्याला मनापासून वाटत होतं.

आणि कोल्हापूर. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमींच्या गावात पेठेपेठेने फुटबॉल उचललं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. राजर्षी शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला जी गर्दी होते ती देशात फार थोड्या गावांत दिसेल. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपात भारताकडून खेळला, तो या वातावरणातला मुलगा. तालमींमध्ये पैसाही आला आहे, बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडूही येतात. तरी पाटाकडील तालीम दुसऱ्या शहरात नेऊ असं कुणाच्या मनातही येणार नाही.

कोल्हापूरला मी आदर्श म्हणून मखरात बसवत नाही. समर्थकांचे राडे होतात, सामने थांबवावे लागतात, पेठेचा अभिमान हाणामारीवर जातो. तालमींच्या परंपरेत मुलींना अजून पुरेशी जागा नाही, आणि ही उणीव लहान नाही. तिथल्या गुणी पोराला पुढे जायचं तर गाव सोडावं लागतं. पण हे दोष जिवंत संस्थेचे आहेत. बोलता येतं, भांडता येतं, दुरुस्त करता येतात. पुणे सिटीचे दोष दुरुस्त करायला आता कुणाकडे जायचं?

काहीजण म्हणतील, गुंतवणूकदाराला अटी घातल्या तर तो येणारच नाही. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की थोडे अपवाद वगळता क्लबातली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच राहिली पाहिजेत, आणि तिथलं बुंडेसलीगा ओस पडलेलं नाही. आपली परिस्थिती जर्मनीसारखी नाही, मान्य. इथे लीगलाच स्थैर्य नाही, तर सभासदांकडून निम्म्या मतांची अपेक्षा आज करणं घाईचं होईल. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जिचा आपण विचार करत नाही: मैदानं सार्वजनिक आहेत. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सरकारी खर्चाने उभं राहिलं. गावोगावची जिल्हा संकुलं, महापालिकांची मैदानं, सगळी करदात्यांची. क्लब खाजगी असेल, पण तो ज्या गवतावर खेळतो ते आपलं आहे. मैदानाचा मालक भाडेकरूला अट घालू शकतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक मैदान दीर्घ मुदतीने वापरणाऱ्या प्रत्येक क्लबाने परवडेल अशा वार्षिक वर्गणीत स्थानिक सभासद करून घ्यावेत, आणि शहर बदलायचं, नाव बदलायचं किंवा संघ बंद करायचा तर त्या सभासदांपुढे मतदानाला जावं लागावं. मतदान हरूनही गुंतवणूकदाराला निघून जायचं असेल तर जाऊ द्यावं. त्याला बांधून ठेवता येत नाही. पण मग क्लबाचं नाव, रंग, मुलामुलींचे वयोगटाचे संघ आणि सरावाची वेळ हे सभासदांच्या संस्थेकडे राहावं, आणि मैदानाचा करार तिच्या नावे चालू राहावा. ती संस्था खालच्या लीगमध्ये खेळेल, कदाचित पगार न देता खेळेल. क्वीन्स पार्कही दीर्घकाळ तेच करत होता.

हे करारात लिहून घ्यायची ताकद क्रीडा खात्याकडे आणि महापालिकांकडे आहे. पुण्यात पुन्हा कुणीतरी संघ काढेल, मोठा समारंभ होईल, बालेवाडीच्या तारखा मागितल्या जातील. तारखा देण्याआधी करारात ही कलमं लिहून घ्यायला हवीत, आणि ती लिहिली गेली की नाही हे त्याच आठवड्यात विचारायला पुण्याच्या फुटबॉलप्रेमींनी संकुलाच्या कचेरीत जायला हवं.